नुसती खाज तर आहे

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची वार्षिक सभा होती. टँकरच्या बिलांचा विषय निघाला की दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ हमखास उभे राहतात आणि एकेका पावतीची तारीख विचारत बसतात. याही वेळी उभे राहिले. माझ्या मागच्या खुर्चीवरून कुणीतरी हळूच म्हणालं, “काय खाज असते एकेकाला!” हशा पिकला. मीही हसले, चांगली खळखळून हसले. मग चहा झाला, बिस्किटं झाली, लिफ्टवरून नेहमीचं भांडण झालं आणि मी घरी येऊन कुकर लावला. आमटीला फोडणी घालताना उजवा हात डाव्या मनगटाकडे गेला. डास चावला नव्हता, पुरळ नव्हतं, काही नव्हतं. उगाचच खाजवत उभी राहिले. मोहरी करपली तरी माझं लक्ष नाही.

माझा मामा खाजेने गेला.

हे वाक्य मी कुणापुढे म्हणत नाही. एकदोनदा म्हणून पाहिलं, तर ऐकणाऱ्याच्या ओठांचे कोपरे हलले. ‘कॅन्सरने गेला’ म्हटलं की माणसं सावरून बसतात, पंखा कमी करतात, पाणी आणून देतात. तेही खोटं नाही, कॅन्सरच होता. हॉस्पिटलच्या कागदावर तर तिसरंच कारण लिहिलंय, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग. पण तीन वर्षं ज्या गोष्टीने त्याला झोपू दिलं नाही, जेवू दिलं नाही, चारचौघांत बसू दिलं नाही, ती खाज होती. आपल्या बोलण्यात दुखण्याला केवढा मान आहे! डोकं दुखतं, कंबर धरते, पायात गोळे येतात, आणि घरातलं कुणीतरी उठून बाम आणतं, ‘पड जरा’ म्हणतं. अवघड जागेच्या दुखण्यालासुद्धा म्हणीत जागा मिळाली, तीही जावयासकट. खाजेच्या वाट्याला काय आलं? ‘फार खाज आहे त्याला.’ ‘जिरली का खाज?’ ‘खाजवून खरूज काढू नकोस.’ ज्याला खाज सुटली त्याचीच ती चूक, असा एकूण सूर.

मामाचं गाव पुरंदर तालुक्यात, सासवडपासून आत. दीड एकर अंजीर, बांधाला सीताफळं, दोन गाई. अंजिराची बाग लांबून मोठी देखणी दिसते, पण आत शिरून पाहावं. पानं पॉलिश पेपरसारखी खरखरीत, आणि फळ तोडलं की देठातून पांढरा चीक येतो. तो हाताला लागला की चुरचुरतं, मग खाजतं. त्यामुळे दिवाळीनंतर, खट्ट्या बहाराच्या तोड्याच्या दिवसांत मामा दंड खाजवायला लागला तेव्हा कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. चीक लागला असेल. अंजीरवाल्याला खाज सुटणं म्हणजे कोळ्याच्या अंगाला मासळीचा वास येण्यासारखंच. तोडा संपला, खाज राहिली. मग तालुक्याच्या मेडिकलमधून नायट्याची ट्यूब आली. त्या ट्यूबांमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर जोरदार स्टेरॉइडही कालवलेलं असतं, त्यामुळे चार दिवस बरं वाटतं. २०१८ पासून अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असा नियम आहे. मामाने वर्षभरात अशा किती ट्यूबा पिळून संपवल्या याची गणती नाही. मामीने रिकाम्या ट्यूबा खिडकीच्या गजाला ओळीने खोचून ठेवल्या होत्या. ‘डॉक्टरनं विचारलं तर दावायला,’ म्हणायची.

पहिल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांनी गाजर गवत धरलं होतं आणि ते अगदी शहाणपणाचं होतं. ते गवत आपल्याकडे पहिल्यांदा नजरेत भरलं ते पुण्यातच, १९५५-५६ च्या सुमारास. परदेशी गव्हातून आलं असं सगळे सांगतात. पांढऱ्या टोप्यांसारखी फुलं म्हणून लोकांनी त्याला काँग्रेस गवत केलं. त्याची धूळ वाऱ्यावर उडते आणि पापण्या, मानेच्या घड्या, कोपरांच्या खाचा धरते. पुढे सगळं अंगही धरते. आमच्या भागात शेतकऱ्याचं अंग सुजून खाजत असेल आणि डॉक्टरच्या मनात गाजर गवत आलं नाही, तर तो डॉक्टरच कच्चा. मामीने सगळा बांध खुरप्याने साफ केला. पुढचे डॉक्टर सोरायसिस म्हणाले. कातडीचा तुकडा तपासायला गेला, त्यात धड काही निघालं नाही. मामाला पुढे जो आजार निघाला त्यात असं पुष्कळदा होतं, तीन-तीन तुकडे काढले तरी साधा एक्झिमाच दिसत राहतो, हे नंतर कळलं. शिवाय मामाचा रंग. पुस्तकांतले फोटो गोऱ्या माणसांचे असतात, त्यांत अंग टोमॅटोसारखं लाल दिसतं. मामा मुळात काळासावळा. तो लाल झालाच नाही, तांब्याची घागर आतून काळवंडावी तसा झाला. पाहुणे म्हणायचे, उन्हानं रापलाय.

मे महिन्यात तो थंडीने कुडकुडायचा. सगळी कातडीच सुजून पेटल्यावर अंगातली ऊब तिच्यातून वाहून जाते. बाहेर चाळीसच्या वर पारा आणि हा माणूस ओट्यावर ऊन धरून बसलेला. घोंगडं टोचायचं म्हणून मामीने जुन्या सुती लुगड्यांची वाकळ दिलेली. खालच्या पापण्या ताणल्या जाऊन बाहेर पलटल्या होत्या, त्यातून सारखं पाणी गळायचं. येणाराजाणारा समजायचा, रडतोय. मामा आयुष्यात रडला असेल तर बैल विकला तेव्हा, पण त्या वर्षी सगळ्या गावाने त्याला रडताना पाहिलं. भुवया गळल्या. तळहात जाड होऊन भेगाळले, विळीचा दांडा धरला तरी रक्त यायचं. आणि सकाळी कॉटखाली कोंडा. गहू चाळल्यावर पडतो तसा, पांढरा, हलका, दाराची झुळूक आली की सरकणारा. मामी तो सुपलीत भरून न्यायची. एकदा मला म्हणाली, “रोज मूठभर नवरा झाडून टाकते गं मी.” म्हणाली आणि हसली. मला हसावं की नाही कळेना.

रात्री मात्र कुणी हसत नसे.

तपासण्यांसाठी तो आठ दिवस माझ्याकडे पुण्यात राहिला. भिंतीपलीकडून आवाज यायचा. खर्र खर्र, मग थोडं थांबून पुन्हा खर्र. उंदीर लाकूड पोखरतो तसा, पण एका लयीत. मध्येच न्हाणीघरात बादली भरल्याचा आवाज. कढत पाणी अंगावर ओतलं की खाज घटकाभर मरते, हा शोध त्याला त्याचा लागला होता. दोन वाजता, चार वाजता, गिझरचा लाल दिवा लागलेला. डॉक्टरांनी बजावलं होतं की गरम पाणी नको, कातडी आणखी कोरडी पडते. पण तहानलेल्याला पाणी वाईट म्हणून सांगण्यातला तो प्रकार. त्यातल्याच एका रात्री मी उठून गेले तर तो पलंगाच्या काठावर पाठ उघडी टाकून बसला होता. म्हणाला, “पाठीवर जरा हात फिरव गं.”

इथे लहानपणाचं सांगायला हवं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडे गेलं की मला घामोळं यायचं. अंगणात बाजेवर सगळी पोरं ओळीने झोपायची आणि मी कुरकुर करत जागी. मामा दिवसभर बागेत राबून आलेला असायचा, पण उशाशी बसून माझी पाठ खाजवायचा. नखाने नाही, बोटांच्या पेरांनी. त्याची पेरं त्या पानांसारखीच खरखरीत होती. “अजून खाली. डावीकडं. नाही, तिथं नाही. हां, तिथंच.” हे सांगता सांगता मी झोपायचे. खाजणाऱ्या जागेवर दुसऱ्याचं बोट बरोब्बर पडतं तेव्हाच्या सुखाला मराठीत शब्द नाही. निदान मला माहीत नाही.

आणि त्या रात्री मी काय केलं? म्हणाले, “थांब, हातमोजे घालते. डॉक्टरांनी सांगितलंय, नखं लागायला नकोत.” डॉक्टरांनी नखांचं सांगितलं होतं हे खरं. हातमोज्यांचं कुणीच सांगितलं नव्हतं. रबरी मोजे चढवून, व्हॅसलिन घेऊन मी त्याची पाठ चोळली. हा आजार लागत नाही, हे मला तोवर पक्कं ठाऊक होतं. तरीही. मोज्यांचा चुर्रचुर्र आवाज होत होता. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, “बास, जा झोप, सकाळी ऑफिस आहे तुला.” मामी उघड्या हातांनी चोळायची, तेच हात पदराला पुसून भाकरी थापायची. मी त्याची चादर वेगळी भिजवली, टॉवेल वेगळा ठेवला. गावच्या न्हाव्याने दाढी करायला नाही म्हटलं तेव्हा मी केवढी संतापले होते!

निदान केलं ते एका तरुण डॉक्टरबाईंनी. आधीच्या सगळ्यांनी कातडी बघितली होती, यांनी हात वर करायला लावून काखेत बोटं घातली. मग जांघेत. मामा म्हणाला, “अवधाण आलंय, पायाला भेगा पडल्यात म्हणून असंल.” बाई काही बोलल्या नाहीत, रक्त काढायला पाठवलं. आठवड्याने रिपोर्ट आला आणि त्यांनी चिठ्ठीच्या पाठीवर पेनाने एक गोल काढला, त्यात वळ्यावळ्यांची नक्षी. पांढऱ्या पेशीचं केंद्र असं घडी पडल्यासारखं दिसतंय, मेंदूसारखं, म्हणाल्या. मामा कागद डोळ्यांजवळ नेऊन म्हणाला, “अंजीर फोडल्यावर आत दिसतं तसंच की.” बाईंनी चित्राकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “हो, तसंच.”

सेझरी सिंड्रोम. आल्बेर सेझरी हे पॅरिसचे त्वचारोगतज्ज्ञ, जन्म अल्जियर्सचा. १९३८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने एका रुग्णाचं वर्णन केलं. सगळं अंग लाल, आणि कातडीत आणि रक्तात ‘राक्षसी’ पेशी. राक्षसी हा त्यांचाच शब्द. कातडीच्या लिम्फोमांची, म्हणजे कातडीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरची गोष्ट मात्र त्याहून जुनी. १८०६ मध्ये पॅरिसच्याच सेंट लुई हॉस्पिटलमध्ये आलिबेर यांनी अंगावर भूछत्रांसारख्या गाठी उगवलेला रुग्ण पाहिला, आणि पुढे त्या रोगाचं नाव पडलं मायकोसिस फंगॉइडिस. नावात दोनदा बुरशी, आणि बुरशीचा संबंध शून्य. मला खिडकीच्या गजातल्या त्या ट्यूबा आठवल्या. मामाचा आजार याच कुळातला, पण भराभर वाढणारा आणि फारच विरळा. शंभर जणांना कातडीचा टी-पेशींचा लिम्फोमा झाला तर त्यातल्या पाचांनाही हा नसतो. बाईंनी समजावलं ते असं: टी-पेशी म्हणजे शरीराचे राखणदार, त्यातली एक जात बिघडते, बेसुमार वाढते आणि कातडीत वस्तीला जाते. मामी इतका वेळ गप्प होती. म्हणाली, “म्हंजे कुंपणानंच शेत खाल्लं.” रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये अशा हजार पेशी सापडल्या की निदान पक्कं धरतात. मामाच्या रक्तात त्याच्या कितीतरी पट होत्या. पाच वर्षांनी किती जण उरतात, हे मी बाहेर येऊन बाईंना एकटीने विचारलं. तिघांतला एक, जेमतेम. परत आत गेले तर मामा विचारत होता, “पण खाज कशानं जाईल?”

त्याला अख्ख्या आजारात एवढाच प्रश्न होता. कॅन्सर म्हटल्यावर तो घाबरला नाही, खरं तर थोडा खूश झाला. चला, नाव तर मिळालं. आता कुणी ‘नुसती खाज तर आहे’ म्हणणार नाही. गावात त्याने स्वतःच सगळ्यांना सांगितलं. पारावरची माणसं, जी वर्षभर हातभर लांब सरकून बसायची, महारोग आहे म्हणून कुजबुजायची, ती कॅन्सर ऐकल्यावर घरी येऊन बसायला लागली. नारळपाणी आणायला लागली. अंग तेच, खाज तीच, कोंडा तोच.

मी तेव्हा रात्ररात्र वाचत असे. १६६० साली हाफेनरेफर नावाच्या जर्मन वैद्याने खाजेची व्याख्या केली: जिच्यामुळे खाजवावंसं वाटतं अशी नकोशी संवेदना. डॉक्टर आजही तीच व्याख्या देतात. मामीला विचारलं असतं तर तिनेही एवढीच सांगितली असती. नंतर कितीतरी काळ खाज म्हणजे बारीकशी वेदनाच, असं धरून चालले. तिच्या स्वतःच्या वाटा आहेत हे पटायला वेळ लागला. २००७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना उंदरांत एक जनुक सापडला. तो काढला की उंदीर फारसे खाजवत नाहीत, वेदना मात्र त्यांना पूर्वीइतक्याच होतात. आणि गंमत म्हणजे, ॲलर्जीच्या गोळीला न जुमानणारी खाज कोणती हे अभ्यासायला प्रयोगशाळांत काय वापरतात? खाजकुयली! आपण शाळेत एकमेकांच्या शर्टात टाकायचो तीच. तिची लव जी खाज उठवते ती हिस्टामिनच्या, म्हणजे ॲलर्जीत अंगात सुटणाऱ्या रसायनाच्या रस्त्याने जातच नाही. मामाची खाजही बहुधा अशाच आडवाटेची. तो दोन वर्षं रोज सेट्रिझिन खात होता, आणि ती गोळी भलत्याच वेशीवर पहारा देत होती.

बावचीचंही तसंच. आजाराच्या पहिल्या वर्षी कुणीतरी बावचीचं तेल आणून दिलं होतं, कोडाला लावतात ते. लावून उन्हात बसला आणि खांद्यावर हे मोठे फोड आले. मी मामीवर ओरडले होते. पुढे मुंबईला परळमध्ये दुसरं मत घ्यायला गेलो तेव्हा एका उपचाराची माहिती मिळाली. रक्त बाहेर काढतात, त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करून त्यांत औषध मिसळतात, अतिनील किरणांखाली धरतात आणि परत अंगात सोडतात. अमेरिकेत १९८८ मध्ये याला मान्यता मिळाली. ते औषध सोरालेनच्या कुळातलं, आणि सोरालेन हे नावच बावचीच्या शास्त्रीय नावावरून पडलेलं. मी मामीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “मग मी काय येडी होते?” तो उपचार काही आमच्या वाट्याला आला नाही. जपानी कंपनीचं एक नवं औषधही आहे, मोगॅम्युलिझुमॅब, या आजारासाठी २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झालेलं. त्याचा खर्च ऐकून आम्ही दोघं परळच्या फुटपाथवर उसाचा रस प्यायलो आणि एसटी पकडली.

मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आठवड्यातून एकदा, म्हणून मामीने कॅलेंडरवर सगळ्या शनिवारांना हळदीकुंकवाची बोटं लावली. इंटरफेरॉनची इंजेक्शनं. त्यांनी ताप यायचा, अंग मोडून यायचं. पण मग चार महिने बरे गेले. पहिल्यांदा तो सलग पाच तास झोपला त्या पहाटे मामीने घाबरून त्याच्या नाकाशी बोट धरलं. त्या चार महिन्यांत त्याने एकदा मला बागेतून अंजिरं पाठवली, पानात बांधून. वर चिठ्ठी: धुऊन खा. मी ती चिठ्ठी बराच वेळ हातात धरून बसले. रासायनिक फवारणीमुळे लिहिलं असेल. तसंच लिहिलं असेल.

श्रावणात भेगांतून जंतू शिरले आणि सहा दिवसांत सगळं आटोपलं. घरी आणल्यावर अंघोळ घालायला कोण पुढे होईना. शेवटी भावकीतली दोन पोरं आली. मामी आतून म्हणाली, “पाणी चांगलं कढत घ्या रे. त्यांना बरं वाटतं.”

सभेच्या रात्री करपलेली आमटी बाजूला ठेवून मी मामीला फोन लावला. पाऊस, अंजीर, गुडघे झाले. मग मी तिला तो हशा सांगितला. मी कशी हसले तेही सांगितलं. मला वाटलं होतं ती गप्प होईल, नाहीतर रडेल. ती म्हणाली, “अगं तू काय घेऊन बसलीस! आमच्या सरपंचाला का कमी खाज आहे? परवा ग्रामसभेत…” आणि तिने सगळी हकिकत नकलेसकट सांगितली. आम्ही दोघी हसलो. पोट धरून हसलो, खरंच. मग मागे काहीतरी धडपडल्याचा आवाज आला. “थांब हां,” मामी म्हणाली, “ही खांब पाडतीय घासून घासून. तिला गळ्याखाली खाजवायची सवय लावून ठेवलीय ह्यांनी.” तिने फोन गोठ्यात कुठेतरी ठेवला असावा. मक्याच्या बुरकुंडाचा आवाज येत राहिला, खर्र, खर्र, थोडं थांबून पुन्हा खर्र. मध्येच गाईने सोडलेला लांब श्वास. मी फोन कानाला लावून ओट्याशी उभी होते.